पनीर की पिठलं? ताट, पाणी आणि शिवाराबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपल्या आहाराचा हवामानावर आणि पाण्यावर काय परिणाम होतो याची चर्चा केली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. अगदी जवळचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचं घर तीन पिढ्यांपासून शाकाहारी आहे. मांसाहाराने पर्यावरणाचं नुकसान होतं असं वाचतो, म्हणजे आमचा प्रश्न सुटलेलाच ना? चौघांच्या घरात आठवड्यातून तीनदा पनीर आणि रोज दीड लिटर दूध लागतं, एवढंच. (एक वाचक, पुणे)

निम्मा सुटला आहे. उरलेला निम्मा पनीरमध्ये अडकला आहे.

गायी-म्हशी रवंथ करतात, तेव्हा त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवून मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा वायू आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात गाय-बैल आणि म्हशी मिळून सुमारे ३० कोटी जनावरं आहेत. भारतीय शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा या रवंथाचाच आहे.

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ साली जागतिक सरासरी काढली. लिटरभर दुधामागे सुमारे ३ किलो, किलोभर कोंबडीच्या मांसामागे सुमारे १० किलो आणि किलोभर वाटाण्यासारख्या कडधान्यामागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. आता पाव किलो पनीरचा हिशेब करा. त्याला सव्वा ते दीड लिटर दूध लागतं, म्हणजे जवळपास ४ किलो. पाव किलो कोंबडीचे होतात अडीच. शाकाहारी ताट नेहमीच हलकं असतं असं नाही, ते इथे दिसतं.

हे आकडे जगाचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. आपली जनावरं बहुतांशी कडबा, भुसा, पेंड अशा शेतातल्या उरल्यासुरल्यावर जगतात. त्यांच्या चाऱ्यासाठी जंगल तोडलं जात नाही, शिवाय शेण शेताला परत मिळतं. उलट बाजूने, दिवसाला तीन-चार लिटर दूध देणारं जनावर लिटरमागे जास्त मिथेन सोडतं, कारण पोट तेवढंच आणि दूध कमी. दोन्ही गोष्टी धरूनही डाळ आणि पनीर यांच्यातलं अंतर फारसं मिटत नाही.

दूध बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात माणशी रोज ३०० मिली दूध-दही आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. तुमच्या घरचं दूध माणशी पावणेचारशे मिली होतं, पनीर त्यावर वेगळं. त्यामुळे दुधाला हात लावू नका, तीनपैकी दोन वेळचं पनीर बदला. पाव किलो पनीरमध्ये साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढीच २०० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात मिळतात. मटकीची उसळ, चवळी, छोले किंवा घट्ट पिठलं यातलं काहीही चालेल. पनीर घरी करत असाल तर उरलेलं पाणी ओतून देऊ नका. कणीक त्यात मळा किंवा आमटीत घाला.

ज्वारी पर्यावरणाला चांगली म्हणतात, पण ती आता गव्हापेक्षा महाग मिळते. शिवाय विकतच्या पिठाची भाकरी थापताना तुटते. हा खटाटोप खरंच करावा का? (गृहिणी, नाशिक)

करावा, पण किती पाणी वाचतं एवढ्यासाठीच नव्हे. ते पाणी कुठून आलं, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सोलापूर, बीड, अहिल्यानगरच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पावसाळा तोवर सरत आलेला असतो. जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर पीक चार महिने उभं राहतं. पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, एक संरक्षित पाणी मिळालं तर उत्पादन चांगलं वाढतं, पण नाही मिळालं तरी हाताशी काहीतरी येतं. धान्य माणसाला आणि कडबा जनावराला. त्याच भागातला ऊस बारा ते अठरा महिने कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी पितो. लागवडीखालच्या जेमतेम ४ टक्के जमिनीवरचा ऊस राज्यातल्या सिंचनाच्या पाण्यापैकी साधारण ७० टक्के घेतो, असं कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांत येतं. किलोभर साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी जातं. तेव्हा भाकरीबरोबर महिन्याची साखर पाच किलोंवरून साडेतीनवर आणली, तर पाण्याच्या हिशेबात तोही मोठा बदल आहे.

ज्वारी महाग का झाली? पेरा घटला, हे पहिलं कारण. दुसरं मजुरीचं. रब्बी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते आणि त्या कामाला माणूस मिळत नाही. म्हणून किलोला दोन-पाच रुपये जास्त पडले तरी ते शेतकऱ्याला पेरणीकडे परत वळवणारे पैसे आहेत, असं आम्ही मानतो.

खरेदी करताना 'मालदांडी' किंवा रब्बीचीच मागा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खरीप संकरित ज्वारी स्वस्त असते, पण काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते आणि भाकरीला चव राहत नाही.

भाकरी तुटते ती बहुधा पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेल्यामुळे. दळून महिना-दीड महिना झालेलं पिठाचं पाकीट असेल तर सुगरणीलाही भाकरी जमणार नाही. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. पीठ जुनं झालंच असेल तर उकळत्या पाण्यात थोडं पीठ घालून उकड काढा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि बाकीचं पीठ त्यातच मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळावं. मळून ठेवलेला गोळा सैल पडतो आणि कडा चिरतात. बाजरीचं पीठ तर याहून नाजूक असतं. तिच्यात तेलाचा अंश जास्त, म्हणून ते आठवड्याभरातच कडू लागतं.

'मिलेट'चं नाव लावलेल्या बिस्किटांबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. पुडक्यामागचा घटकांचा क्रम वाचा, कारण जे जास्त असतं ते आधी लिहावं लागतं. मैदा, साखर आणि पाम तेल नाचणीच्या आधी असतील तर ते मैद्याचंच बिस्किट आहे.

धानाच्या शेतीतून मिथेन निघतो म्हणतात. माझ्याकडे पाच एकर आहे, खरिपात मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आणि उन्हाळी धानाला बोअर. उत्पादन न घटवता काही करता येईल का? (शेतकरी, भंडारा)

येईल, आणि बोअरवरच्या उन्हाळी धानात सगळ्यात सोपं जाईल, कारण तिथे पाणी कधी द्यायचं ते तुमच्या हातात आहे.

बांधीत (धानाच्या वाफ्यात) सतत पाणी उभं राहिलं की मातीला हवा मिळत नाही. हवेविना जगणारे सूक्ष्मजीव मग कुजक्या काडीकचऱ्यापासून मिथेन करतात आणि धानाच्या पोकळ देठातून तो वर निघून जातो. मधूनमधून पाणी ओसरू दिलं की मातीत हवा शिरते आणि ही क्रिया थांबते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने याची आलटून-पालटून भिजवण्याची पद्धत बसवली आहे. नीट पाळली तर मिथेन साधारण ३० ते ५० टक्के कमी होतो, पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि उत्पादन टिकतं.

चार इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंमीचा तुकडा घ्या. खालच्या २० सेंमी भागाला सगळीकडून दोन-दोन सेंमीवर बारीक छिद्रं पाडा. छिद्रांचा भाग चिखलात आणि १० सेंमी वर, असा तो गाडा आणि आतली माती हाताने काढून टाका. बांधीत पाणी असताना आत-बाहेर पातळी सारखी आली पाहिजे. आली नाही तर छिद्रं बुजली आहेत असं समजा, पाइप उपसून धुवा. पाइप धुऱ्याला (बांधाला) चिकटून लावू नका, कारण तिथे पाझर वेगळा असतो आणि पातळी फसवते. धुऱ्यापासून दोन-तीन पावलं आत, पण रोज जाऊन बघता येईल अशा जागी लावा. बांध्या वेगवेगळ्या उंचीवर असतील तर प्रत्येक पातळीला एक पाइप हवा.

रोवणीनंतर पहिले दोन आठवडे नेहमीसारखं पाणी ठेवा. तण फार असेल तर तीन आठवडे ठेवा, कारण पाणी लवकर ओसरलं की तण उसळतं आणि निंदणाचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा जास्त होतो. मग ५ सेंमी पाणी भरा आणि थांबा. पाइपमधली पातळी जमिनीखाली १५ सेंमी गेली की पुन्हा ५ सेंमी भरा. वरून माती कोरडी दिसली तरी घाबरू नका, मुळांना खालचं पाणी मिळत असतं. हलक्या जमिनीत हा फेरा चार-पाच दिवसांचा असतो, भारी जमिनीत आठ-दहा दिवसांचा. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र १० सेंमीवरच पाणी द्या. भेगा मोठ्या झाल्या की पुढचं पाणी सरळ खाली निघून जातं.

लोंबी बाहेर पडण्याआधी एक आठवडा ते फुलोरा संपल्यावर एक आठवडा ५ सेंमी पाणी न चुकता ठेवा. या काळात ताण बसला तर दाणा पोचट राहतो. पद्धत सोडून दिलेल्या शेतांत बहुधा हीच चूक झालेली दिसते. पुढे पुन्हा फेरे सुरू करा आणि कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा.

युरियाची वेळ सांभाळा. ओलसर, सुकत चाललेल्या मातीवर युरिया फेकून ठेवला तर नायट्रस ऑक्साइड तयार होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. मिथेनमध्ये कमावलेलं तिथे घालवू नका. पाणी भरण्याच्या अगदी आधी, पाणी ओसरलेल्या जमिनीवर युरिया द्या आणि लगेच पाणी सोडा. त्याहून चांगल्या कोकणातल्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या. १५ आणि २५ सेंमी अशा आलटून-पालटून अंतरावर रोवणी करायची आणि जवळच्या दर चार चुडांमध्ये (रोपांच्या जुडग्यांमध्ये) २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचायची. हेक्टरी साडेबासष्ट हजार गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत बसतं. खत चिखलात खोल राहिल्यामुळे वाहूनही जात नाही आणि उडूनही जात नाही.

खरिपात तलावाचं पाणी पाळीने येत असेल तर ही पद्धत एकट्याने पाळणं कठीण. तुमची बांधी सुकली तेव्हा पाळी नसेल तर पीक जाईल, म्हणून लाभक्षेत्रातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. कोकणातून हाच प्रश्न विचारणाऱ्यांना सांगायचं, तर जुलै-ऑगस्टच्या पावसात पाणी ओसरवणं तुमच्या हातात नसतं. तिथे ताजा पेंढा चिखलात गाडणं टाळा, कंपोस्ट करून घाला. गिरिपुष्पाचा पाला रोवणीच्या आठवडाभर आधी गाडा.

हिमाचलचं सफरचंद की गावाकडचा पेरू? 'स्थानिक खा' हा सल्ला कितपत खरा? (विद्यार्थी, मुंबई)

पेरू खा, तो स्वस्त आणि ताजा असतो. पण अंतराचा धाक जरा जास्तच घातला जातो. जगभरात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. ट्रकने किलोभर सफरचंद दोन हजार किलोमीटर आणायला अंदाजे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. 'सेंद्रिय स्थानिक' भाजीसाठी तुम्ही स्कूटरवर जाऊन-येऊन दहा किलोमीटर गेलात तर साडेचारशे ग्रॅम होतात. खरा अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा. परदेशी बेरी, शतावरीचे कोंब असा चटकन नासणारा माल असेल तर शंका घ्यावी, कारण विमानाचं उत्सर्जन ट्रकच्या कित्येक पट असतं. बोटीने आलेल्या फळाला ही भीती नाही.

मासे खाणं पर्यावरणाला मटणापेक्षा बरं का? कोणते घ्यावेत? (वाचक, ठाणे)

बोकडाच्या मटणापेक्षा बहुतेक मासे बरेच हलके, कारण मासा रवंथ करत नाही. माशांचा प्रश्न वेगळा आहे. बोटीने किती डिझेल जाळलं आणि पिल्लं पकडली का, हे बघायचं.

तारली, बांगडा यांसारखे थव्याने फिरणारे मासे कमी इंधनात जास्त मिळतात. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरची कोळंबी पर्यावरणाला महाग पडते. तिच्याबरोबर बारीक मासळी ढिगाने येते आणि ती सुकवून कुटीत (माशांच्या भुकटीत) जाते. तिसऱ्या, कालवं यांना वरून खाद्यही लागत नाही. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. बाजारात मात्र तळहातापेक्षा लहान पापलेटांचे वाटे अजून दिसतात. ते एकदाही अंडी न घालता पकडलेले असतात. कोळणीला सरळ सांगा, एवढे छोटे नकोत. मागणी थांबली की बोटीवरून ते आणणं परवडत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात सुकट, सुके बोंबील, सोडे, खाडीतली मासळी खा. तेव्हा दिसणारी 'ताजी' सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते.

गॅसऐवजी इंडक्शन घेतलं तर प्रदूषण कमी होईल का? (वाचक, नागपूर)

घरातली हवा नक्की सुधारेल. हवामानाचा हिशेब वीज कुठून येते त्यावर आहे. किलोभर गॅस जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे साधारण ४२. त्या किलोभर गॅसमधून भांड्याला आठेक युनिट उष्णता मिळते, म्हणजे युनिटमागे चारशे ग्रॅमच्या आत. आपल्या ग्रीडची वीज युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम सोडते आणि इंडक्शनमधून त्यातली ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते. म्हणजे आज ग्रीडवरचं इंडक्शन गॅसच्या दुपटीवर आहे. छतावर सौर पॅनेल असेल आणि दिवसा स्वयंपाक होत असेल तर मात्र डोळे झाकून इंडक्शन घ्या.

दोन्हीकडे चालणारा उपाय कुकरचा. हरभरा, राजमा आठ तास, तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवा आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा. शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवलं तर उष्णता वाफेबरोबर निघून जाते. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे पिण्याचं पाणी वापरा. सोडा घालू नका, त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं.

आमच्या वसतिगृहात १५० मुली जेवतात. अन्न वाया जाणं कमी करायचं आहे आणि डाळ थेट शेतकऱ्यांकडून घ्यायची आहे. सुरुवात कशी करावी? (मेस समिती, छत्रपती संभाजीनगर)

आधी वजनकाटा घ्या. तीन बादल्या ठेवा: निवडताना-चिरताना निघालेलं, पातेल्यात उरलेलं, ताटात टाकलेलं. सुट्टी किंवा परीक्षा नसलेल्या आठवड्यात सात दिवस रोज वजन लिहा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून एकत्र मोजून उपयोग नाही.

पातेल्यात जास्त उरत असेल तर हजेरी चुकते आहे. रात्री आठपर्यंत दुसऱ्या दिवशीची नोंद घ्या आणि भात दोन घाण्यांत लावा. दुसरा घाणा पहिली पंगत बसल्यावर. पोळी-भाकरी असेल तर माणशी ७५ ग्रॅम तांदूळ पुरतो. ताटात टाकणं जास्त असेल तर वाढायची पळी लहान करा आणि दुसऱ्यांदा वाढायला माणूस ठेवा. दुसरी वाढ मिळेल ही खात्री नसली की मुली पहिल्यांदाच जास्त घेतात. एकाच भाजीच्या दिवशी वजन चढत असेल तर ती भाजी चुकते आहे, मुलींना नावं ठेवू नका.

आता डाळ. माणशी रोज ६० ग्रॅम धरली तर दिवसाला ९ किलो, महिन्याच्या २६ दिवसांचे सुमारे २३४ किलो, दहा महिन्यांचे साडेतेवीस क्विंटलच्या आसपास. तुरीची ७० टक्के डाळ पडते, म्हणजे सुमारे ३३ क्विंटल तूर हवी. कोरडवाहूत एकरी ४ क्विंटल धरले तर हे आठ-सव्वाआठ एकर. चार-पाच शेतकऱ्यांचं किंवा एका लहान शेतकरी उत्पादक कंपनीचं काम आहे, तेव्हा दबून जाऊ नका.

बोलणी जूनच्या पेरणीआधी करा. एकच भाव आधी बांधला तर बाजार चढल्यावर शेतकरी माल देत नाही आणि पडल्यावर मेस घेत नाही. काढणीच्या आठवड्यातला बाजार समितीचा भाव अधिक ठरलेली वाढ आणि खाली हमीभावाचा तळ, असं लिहून घ्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. तो मोजायचं यंत्र उत्पादक कंपनीकडे असतं. पैसे पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत. व्यापारी रोख देतो आणि संस्था तीन महिने लावतात, यानेच असे बहुतेक व्यवहार मोडतात. अख्खी तूर पोत्यात ठेवू नका, भुंगेरे लागतात. लगेच भरडून डाळ करून ठेवली तर त्रास खूप कमी होतो.

पहिल्या बादलीतल्या कच्च्या कचऱ्याचं कंपोस्ट करा. ढीग लांबी-रुंदी-उंचीने किमान एक मीटर, नाहीतर तो तापतच नाही. एक घमेलं ओला कचरा आणि एक घमेलं कोरडा पाला, असे थर द्या. मूठभर दाबल्यावर थेंब-दोन थेंब पाणी यावं, धार नको. तीन-चार दिवसांत आत हात घालवणार नाही इतकी ऊब आली पाहिजे. अमोनियासारखा वास आला तर पाला वाढवा, ऊबच आली नाही तर पाणी शिंपडून ढीग पालटा. दर आठ-दहा दिवसांनी पालटत गेलात तर अडीच-तीन महिन्यांत खत चाळायला येतं. घाईने कच्चं खत कुंडीत घालू नका. ते मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात.